कोळ्याची अंडी : जाळीआडचा पहारा आणि आपली फवारणी



सोलापूर जिल्ह्यात शाळू निसवू लागला आणि हवा कोरडी राहिली की काही शेतांत खालची पाने लालसर पडू लागतात. हळूहळू हा लालपणा वरच्या पानांकडे सरकतो. बरेच शेतकरी 'तांबेरा आला' असे म्हणतात व बुरशीनाशक आणतात. अशा वेळी प्रथम एक सोपी परीक्षा करावी. पान उलटे करून त्यावरून बोट फिरवावे. तांबेऱ्याचे फोड असतील तर बोटाला विटकरी रंगाची पूड लागते. पूड न लागता बारीक धाग्यांची जाळी, तिच्यात अडकलेली धूळ आणि त्याखाली हलणारे लाल ठिपके दिसले, तर तो तांबेरा नव्हे. तो ज्वारीवरील लाल कोळी होय. शास्त्रीय भाषेत त्याला 'ऑलिगोनिकस इंडिकस' म्हणतात.

कोळी हा कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात, तर पूर्ण वाढलेल्या कोळ्याला आठ. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात. पूर्ण वाढलेली मादीसुद्धा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असते. पानाच्या मागील बाजूस, मध्यशिरेच्या कडेने राहून ती रस शोषते. दाण्याचे नुकसान किती झाले हे काढणीपर्यंत कळत नाही, पण कडब्याचे नुकसान डोळ्यांना दिसते. मंगळवेढा, बार्शी, मोहोळ, दक्षिण सोलापूर या भागात ज्वारीचे अर्थशास्त्र निम्मे कणसावर आणि निम्मे कडब्यावर उभे असते. मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात आजही शेतकऱ्यांच्या मनातून उतरलेली नाही, याचे एक कारण तिचा कडबा हेच आहे. लाल पडून करपलेल्या, धुळीने माखलेल्या पानांचा कडबा जनावर चवीने खात नाही आणि बाजारात त्याला भावही येत नाही.

आमच्याकडे पाने घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. "साहेब, औषध मारले, दोन दिवस बरे वाटले आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच." काही जण औषधाला दोष देतात, काही जण दुकानदाराला. क्वचित तसे असेलही. परंतु पुष्कळदा दोष अंड्यांत असतो, आणि त्या अंड्यांसाठी कोळ्याच्या मादीने करून ठेवलेल्या बंदोबस्तात असतो. हा बंदोबस्त समजला तर फवारणी केव्हा करावी, कुठे करावी आणि केव्हा मुळीच करू नये, हे ठरवणे सोपे जाते. म्हणून आज त्याविषयी थोडे सविस्तर पाहू.

मादी धागा का काढते?

घरातील कोळी जाळे विणतो ते भक्ष्य पकडण्यासाठी. पिकावरील लाल कोळी भक्ष्य पकडत नाही, तो पानाचा रस पितो. तरीही तो धागा काढतो, कारण त्याला आपली वस्ती झाकायची असते. मादी पानावर फिरताना तोंडाजवळील ग्रंथीतून बारीक धागा सोडत जाते आणि त्या धाग्यांच्या आडोशाला गोल, पारदर्शक अंडी घालते. या जाळीमुळे अंडी वाऱ्याने उडत नाहीत आणि कोरड्या हवेची झळ त्यांना कमी लागते. परंतु याहून मोठे काम म्हणजे शत्रूची वाट अडवणे. कोळ्याची अंडी खाणारे पुष्कळ प्राणी आहेत. मोहरीच्या दाण्याएवढा काळा ढालकिडा, म्हणजे स्टेथोरस, आणि त्याच्या अळ्या, काही जातींचे फुलकिडे, आणि कोळ्याचेच भाऊबंद असलेले परभक्षी कोळी. लहान अंगाच्या परभक्षकाचे पाय जाळीत गुंततात, तो चाचपडतो आणि दुसरीकडे निघून जातो.

अर्थात कुलूप आले की किल्लीही येते. काही परभक्षी कोळ्यांच्या पाठीवर लांब केस असतात. त्या केसांनी ते धागे बाजूला सारून आत शिरतात. फायटोसिलस पर्सिमिलिस हा परभक्षी कोळी यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. त्याला जाळीची अडचण तर होत नाहीच, उलट जाळी दिसली की भक्ष्य जवळ आहे असे समजून तो तेथे रेंगाळतो.

टोमॅटोवर येणाऱ्या एका लाल कोळ्यावर ब्राझीलमध्ये अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. परभक्षकाची चाहूल लागल्यावर या कोळ्याच्या माद्या पानावर अंडी घालण्याऐवजी जाळीच्या धाग्यांवर, पानापासून उंच, अंडी घालू लागल्या. आणि अशी टांगलेली अंडी परभक्षकाच्या तोंडी कमी पडली. टिचभर पानावर राहणारा, मेंदू म्हणावा तर नावालाच असलेला हा प्राणी, पण अंडी कुठे ठेवावी याचा हिशेब तो करतो.

उसाच्या पानावरील पांढरे ठिपके

१९८० साली उजनी धरण पुरे झाल्यावर जिल्ह्याच्या माळशिरस, पंढरपूर, माढा, करमाळा भागात उसाचे क्षेत्र वाढत गेले. उसावर लाल कोळी येतोच, पण त्याच्या जोडीला आणखी एक कोळी आढळतो, 'शायझोटेट्रॅनिकस अँड्रोपोगोनाय'. उन्हाळ्यात उसाचे पान उलटून पाहिल्यास मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीने मांडल्यासारखे पांढुरके, डोळ्याच्या आकाराचे लहान ठिपके दिसतात. पुष्कळांना ती बुरशी वाटते. भिंगाखाली धरले की तो ठिपका म्हणजे घट्ट विणलेला एक छोटा मांडव आहे असे लक्षात येते. मांडवाखाली मादी, तिची अंडी आणि पिल्ले एकत्र नांदत असतात. ज्वारीवरच्या लाल कोळ्याची जाळी सैल व पसरट असते. याची वीण मात्र दाट असते आणि प्रत्येक कुटुंबाचे घर वेगळे असते.

या कोळ्याच्या जवळच्या नातलगांनी घर राखण्याच्या कामात पुढची मजल मारली आहे. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठातील युताका साइतो या शास्त्रज्ञांनी सासा नावाच्या बुटक्या बांबूवरील कोळ्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. हे कोळी बांबूच्या पानामागे छत विणून त्याखाली राहतात. १९८६ साली साइतो यांनी दाखवून दिले की परभक्षी कोळ्याचे पिल्लू घरट्यात शिरले तर कोळ्याची मादी पळून जात नाही. ती त्याच्यावर चालून जाते. नरही तिच्या जोडीला येतो आणि दोघे मिळून घुसखोराला हुसकावतात किंवा ठारही करतात. रस पिऊन जगणारा प्राणी आपल्या अंड्या-पिल्लांसाठी मांसाहारी शत्रूचा जीव घेतो, ही गोष्ट तोपर्यंत शास्त्रज्ञांनाही नवीन होती. घरट्यात राखणदार जास्त असतील तर यश जास्त मिळते. मात्र पूर्ण वाढलेला परभक्षक आला तर हा पहारा सहसा टिकत नाही. याच कोळ्यांबद्दल आणखी एक मजेशीर निरीक्षण आहे. ते घरट्यात वाटेल तेथे विष्ठा टाकत नाहीत, तिची जागा ठरलेली असते.

एवढ्या दूरच्या बांबूची गोष्ट येथे सांगण्याचे कारण असे की कोळ्याचा बंदोबस्त फवाऱ्याच्या एका हाताने मोडेल अशी समजूत आपण सोडली पाहिजे. परभक्षकाच्या पायांना जी जाळी अडवते, तीच जाळी आपल्या पंपातून निघालेल्या थेंबालाही अडवते. थेंब धाग्यांवर तरंगतो आणि वाळून जातो, खाली अंडी कोरडी राहतात. त्यातून फवारणी बहुधा पानाच्या वरच्या बाजूला होते आणि वस्ती असते खाली. शिवाय कोळी मारणारी सर्वच औषधे अंडी मारत नाहीत. मोठे कोळी मेले, शेत दोन दिवस स्वच्छ दिसले, तरी अंडी उबत राहतात. हवा उबदार असेल तर तीन-पाच दिवसांत पिल्ले बाहेर पडतात आणि उन्हाळी हवेत अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो. आठ-दहा दिवसांनी 'पुन्हा तेच' का दिसते, त्याचे उत्तर येथे आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मादीला अंडी घालण्यासाठी नराची गरज असतेच असे नाही. फळली नसेल तर तिच्या अंड्यांतून फक्त नर निघतात, पण वस्ती खुंटत नाही. एकटी वाचलेली मादीही नवी वस्ती उभी करू शकते.

चिकट्याचे औषध आणि कोळ्याची भर

आता जी गोष्ट सांगायची आहे ती काही शेतकऱ्यांना कडू लागेल. शाळूवर मावा पडून पाने चकाकू लागली, म्हणजे आपल्या भाषेत चिकटा पडला, की हाताशी असेल ते कीटकनाशक मारले जाते. त्यात कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील औषधे असतील तर मावा कमी होतो, परंतु ढालकिडे, परभक्षी फुलकिडे व परभक्षी कोळी यांचाही बळी पडतो. लाल कोळी मात्र जाळीखाली पुष्कळसा सुखरूप राहतो. शत्रू गेले, घर शाबूत आहे आणि हवा कोरडी आहे, मग त्याला वाढायला आणखी काय हवे? अशा फवारणीनंतर कोळी भडकल्याचे अनुभव जगभर नोंदले गेले आहेत. कापूस, द्राक्ष, वांगी, भेंडी कोणतेही पीक घ्या, गोष्ट तीच. आमचे स्पष्ट मत आहे की शाळूवरील कोळ्याचा बराचसा त्रास आपण स्वतः ओढवून घेतो.

परभक्षी कोळ्यांनाही आपल्या अंड्यांची काळजी घ्यावी लागते, कारण फुलकिडे त्यांची अंडी फस्त करतात. ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनी ढोबळ्या मिरचीवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की 'इफिसियस डीजनरन्स' या परभक्षी कोळ्याची मादी पानामागे शिरांच्या बेचक्यात जे केसांचे झुबके असतात त्यांत अंडी दडवते. तेथे फुलकिड्यांना ती सहज सापडत नाहीत. म्हणजे भक्षक आणि भक्ष्य, दोघांच्याही आया अंड्यांसाठी आडोसा शोधत असतात. शेतकऱ्याला याचा उपयोग असा की शिरांच्या बेचक्यात अंडी दिसली म्हणून ती शत्रूचीच असतील असे धरू नये. लाल कोळ्याचे अंडे गोल असते. परभक्षी कोळ्याचे अंडे लांबट आणि आकाराने थोडे मोठे असते. लाल कोळी संथपणे हलतो. परभक्षी कोळी फिकट, चकचकीत, साधारण नासपतीच्या आकाराचा असतो आणि पानावर लगबगीने धावतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग फार महाग मिळत नाही. एका फवारणीच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही. गावातील दोन-चार जणांनी मिळून एक घेतले तरी चालेल. पाने ओळखता आली नाहीत तर ती कागदी पिशवीत घालून मोहोळ येथील कृषि विज्ञान केंद्रात दाखवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत पानांना घाम सुटतो आणि काही दिसेनासे होते.

काय करावे, काय टाळावे

पहाणी कडेच्या ओळींपासून सुरू करावी. बांधावरील बरू गवतावर लाल कोळी आधी वाढतो आणि तेथून पिकात येतो, म्हणून बांधावरचा बरू पीक लहान असतानाच खणून काढावा. धुळीच्या गाडीवाटेलगतच्या ओळी आठवणीने पहाव्यात. ज्वारीची खालची चार-पाच पाने उलटून पहावीत. जाळी फक्त काही झाडांवर असेल आणि तेथे काळे ढालकिडे किंवा लगबगीने धावणारे फिकट कोळी दिसत असतील, तर पंप घरी ठेवावा व चार-पाच दिवसांनी पुन्हा पहावे. पाणी देण्याची सोय असेल तर एक पाळी द्यावी, ताण पडलेल्या पिकावर कोळी जोर करतो.

उसामध्ये खालच्या जुन्या पानांवर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी दाट असतील तर ती पाने काढून घ्यावीत. त्यांवर औषध मारलेले नसेल तर ती जनावरांना घालण्यास हरकत नाही, नाहीतर सरीत पुरावीत. ठिपके हाताने पुसले जात नाहीत म्हणून घाबरू नये, जाळीच तशी घट्ट असते. घरटे रिकामे झाले तरी पानावर फिकट डाग राहतो. तेव्हा डाग मोजून औषध मारू नये. काही घरटी सुईने उचकटून आत जिवंत कोळी वा अंडी आहेत का ते पहावे.

फवारणी करावीच लागली तर पाण्यात मिसळणारे गंधक ८० टक्के, १० लिटर पाण्यात २० ते २५ ग्रॅम या प्रमाणात वापरता येते. गंधकानेही परभक्षी कोळ्यांना थोडीफार इजा होते, पण पायरेथ्रॉइडइतकी ते वाताहत करीत नाही. जाणत्या मंडळींना गंधक नवीन नाही. काणी येऊ नये म्हणून ज्वारीच्या बियाण्याला ते पूर्वापार चोळले जाते. कडक उन्हात गंधक फवारू नये, पाने भाजतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारावे. नोझल वरच्या दिशेला वळवून पंपाची नळी पिकाच्या आत घालावी, म्हणजे फवारा पानाच्या मागील बाजूस बसेल. पुरुषभर उंचीच्या शाळूत हे काम जिकिरीचे आहे, हे आम्हीही जाणतो. म्हणून सबंध शेत भिजवण्यापेक्षा जेथे वस्ती आहे तेवढेच पट्टे नीट भिजवणे परवडते. पाणी पुरेसे घ्यावे, हात आखडून मारलेले औषध जाळीवरच वाळते. त्यानंतर आठवडाभराने पुन्हा भिंगाने पहावे. अंड्यांतून नवी पिल्ले निघालेली दिसली तरच दुसरी फवारणी करावी. ही दुसरी फवारणी पिल्ले मोठी होऊन जाळी विणण्याआधी झाली तर उपयोगी पडते, उशीर झाला तर पहिल्याच फवारणीची पुनरावृत्ती होते.

पूर्वी कोळ्यासाठी डायकोफॉल सर्रास सुचवले जाई. जुन्या पुस्तिकांत व भिंतीपत्रकांत त्याचे नाव अजून दिसते. केंद्र शासनाने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली आहे, तेव्हा कोणी जुना साठा देऊ केला तरी घेऊ नये. इतर कोळीनाशके वापरताना त्या पिकासाठी शिफारस आहे का आणि फवारणीनंतर किती दिवस थांबायचे, हे डब्यावरील माहितीपत्रकात पहावे. शाळूच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. कणीस आपण खातो आणि कडबा दुभत्या जनावराच्या दावणीत जातो. दाणा भरल्यानंतर कडबा वाचवण्याच्या घाईत मारलेले औषध दुधाच्या वाटेने घरात येऊ शकते.

कोठीतील राखणदारीण

शेतातला कोळी शत्रू, पण घरातल्या धान्यात असा एक कोळी आढळतो की त्याची मादी खऱ्या अर्थाने अंड्यांवर बसून पहारा करते, आणि ती आपली मैत्रीण आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेली ज्वारी कडक वाळवून पोत्यात, कणगीत किंवा पत्र्याच्या कोठीत भरली जाते. पूर्वी पेवातही भरत. पावसाळ्यात हवा दमट झाली, कोठीचे झाकण सैल राहिले किंवा भिंतीची ओल पोत्याला लागली, तर दाण्यातील ओलावा वाढतो. ओलावा १४ टक्क्यांच्या पुढे गेला की पिठूळ धुळीसारखे दिसणारे बारीक कोळी दाण्यांच्या चुऱ्यावर वाढू लागतात. धान्याला व पिठाला कुबट वास येतो, हात घातला तर खाज सुटते.

या पिठातील कोळ्यांना खाणारा चेलेटस नावाचा कोळी त्यांच्या मागोमाग येतो. त्याच्या तोंडाशी चिमट्यासारखे दोन जाड अवयव असतात. तो धावत शिकार करीत नाही, दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की पकडतो. चेलेटस एरुडिटस या जातीत नर क्वचितच सापडतात. माद्याच नराशिवाय माद्यांना जन्म देतात. ही मादी दाण्यांच्या फटीत अंड्यांचा ढीग घालते, त्यावर थोडे धागे ओढते आणि पिल्ले निघेपर्यंत त्या ढिगावर उभी राहते. जवळ येणाऱ्यावर ती चिमटे उगारते. तिची एवढी सावधगिरी अनाठायी नाही, कारण भक्ष्य कमी पडले की या जातीचे कोळी एकमेकांनाही खातात. तिच्या अंड्यांना सर्वांत जवळचा धोका तिच्याच बहिणींचा असतो. चेकोस्लोव्हाकियात या कोळ्याची मुद्दाम पैदास करून तो धान्याच्या रिकाम्या गोदामांत सोडण्याची पद्धत बसवली गेली होती.

आपल्या कोठीत तो सोडण्याची गरज नाही, आणि त्याच्या भरवशावर दमट धान्य ठेवणेही योग्य नाही. ज्वारी दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवावी. ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आत राहिला तर पिठातील कोळी वाढतच नाहीत आणि मग चेलेटसलाही तेथे काम उरत नाही. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून ठेवावीत. श्रावण-भाद्रपदात उघाड मिळाली की धान्याला एकदा ऊन द्यावे आणि थंड झाल्यावरच पुन्हा भरावे. धान्यात हलणारे ठिपके दिसले म्हणून शेतातली कीडनाशक पावडर खाण्याच्या ज्वारीत मिसळण्याची चूक मात्र कदापि करू नये. तिने कोळी मरोत वा न मरोत, ती भाकरीत उतरते.

यंदाच्या हंगामात शाळू पोटरीत येण्याच्या सुमारास पहिली पहाणी करावी आणि त्यानंतर दर आठवड्याला बांधाकडील दोन व मधल्या दोन जागी खालची पाने उलटून पहावीत. पाहिलेल्या पानांवर गोल अंडी किती, लांबट अंडी किती आणि काळे ढालकिडे किती दिसले, हे वहीत तारखेसह लिहून ठेवावे.